अमेरिकेत बार्क विंचू पाळणाऱ्या मराठी मंडळींचे नेहमीचे प्रश्न

बार्क विंचू म्हणजे नेमका कोणता?

हे एका जातीचं नाव नाही. सेंट्रुरॉइडीस या प्रजातीतल्या विंचवांना अमेरिकेत सरसकट बार्क स्कॉर्पियन म्हणतात. कॅन्सस-नेब्रास्कापासून मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटं आणि कोलंबियापर्यंत त्यांच्या नव्वदहून जास्त जाती पसरलेल्या आहेत. ब्युथिडी कुळ, बारीक चिमटे, लांबसडक शेपूट, चपटं अंग. हौशी लोक याच नावाखाली आफ्रिकेतला बेबीक्युरस जॅक्सोनी आणि आशियातला लायकस म्युक्रोनॅटस यांनाही धरतात, कारण त्यांची राहणी तशीच आहे.

राहणी तशीच म्हणजे काय, तर हे विंचू बीळ खणत नाहीत. सालीच्या, दगडाच्या, फळीच्या खालच्या अंगाला ते उलटे लटकून राहतात. टाकी कशी असावी, ते पळतात कसे आणि चावतात केव्हा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं या एका सवयीतून निघतात. पुढचं सगळं वाचताना ती डोक्यात ठेवा.

आपला लाल विंचू यातलाच का?

कुळ तेच, पण प्रजाती वेगळी. कोकणात आणि महाराष्ट्रात इतरत्र ज्याची धास्ती आहे तो हॉटेन्टोटा टॅम्युलस. तो दगडांखाली, दरडीच्या भेगांत, घराच्या भिंतींत राहतो. विषाचा परिणामही वेगळा. लाल विंचवाचं विष हृदय आणि फुप्फुसांवर येतं. घाम सुटतो, हातपाय गार पडतात, फुप्फुसांत पाणी साठतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन हे औषध वापरून ज्या मृत्यूंना आळा घातला, ते याच विंचवाचे. बार्क विंचवाचं विष मुख्यतः नसा आणि स्नायूंवर परिणाम करतं. म्हणून एकाचा उपचार दुसऱ्याला आंधळेपणाने लावू नका, आणि ‘लहानपणी विंचू चावला होता, काही झालं नाही’ हा अनुभव ॲरिझोनात कामाला येईल असं समजू नका.

झाडांशी सलगी असलेले विंचू आपल्याकडेही आहेत. आयसोमेट्रस हे त्यातलं ठळक नाव. २०२० मध्ये सह्याद्रीतल्या ताम्हिणी आणि आंबोलीच्या नावाने या प्रजातीच्या दोन जातींचं वर्णन झालं. पावसाळ्यात रात्री घाटात फिरणाऱ्यांनी बॅटरीच्या उजेडात झाडाच्या बुंध्यावर बोटाच्या दोन पेरांएवढा, ठिपक्याठिपक्यांचा, चपळ विंचू पाहिला असेल, तर तो बहुधा याच गोतावळ्यातला. त्याला तिथेच राहू द्या.

समोरचा विंचू बार्क विंचूच आहे हे कसं ओळखायचं?

आधी त्याची बसण्याची ढब पाहा. बाकीचे बरेच विंचू शेपूट पाठीवर कमानीसारखी उभारून बसतात. बार्क विंचू निवांत असला की शेपूट एका कुशीला आडवी, वेटोळी करून टेकवतो. चिमटे पाहा: ते फुगीर नसतात, पातळ चिमट्यासारखे लांबट असतात. मग नांगी पाहा. ॲरिझोना बार्क विंचवाच्या नांगीच्या काट्याखाली एक बारीकसा दातासारखा उंचवटा असतो. तो पाहायला भिंग लागतं, आणि विंचू काचेच्या पलीकडे असावा लागतो.

रंगावर जाऊ नका. एकाच जातीत फिकट पिवळ्यापासून पट्टेदारपर्यंत सगळं सापडतं. शास्त्रज्ञांचीही यात गफलत झालेली आहे. ॲरिझोनातला सेंट्रुरॉइडीस स्कल्प्चुरॅटस, म्हणजेच ॲरिझोना बार्क विंचू, आणि मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातला एक्सिलिकॉडा हे बरीच वर्षं एकच मानले जात होते. २००४ मध्ये डीएनए आणि विष दोन्ही तपासल्यावर ते वेगळे ठरले, आणि जबर विषारी निघाला तो ॲरिझोनाचा. जुन्या पुस्तकांत आणि विक्रेत्यांच्या याद्यांत अजून नावांची अदलाबदल दिसते. विकत घेताना नावाबरोबर विंचू मुळात कुठल्या भागातला, हेही विचारा. ज्याला ते सांगता येत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

सुरुवात कोणत्या जातीने करावी?

खरं सांगायचं तर विंचू पाळण्याची सुरुवात बार्क विंचवाने करूच नये. आधी वर्षभर एखादा संथ, बिळात राहणारा, जाड चिमट्यांचा विंचू सांभाळा. ओल, कात, खाणं यांचा अंदाज त्याच्यावर येतो, आणि तोपर्यंत चुकीची किंमत कमी असते.

त्यानंतर पहिला बार्क विंचू म्हणून सेंट्रुरॉइडीस व्हिटॅटस, म्हणजे पट्टेदार बार्क विंचू. टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस, न्यू मेक्सिको, मिसुरी असा त्याचा पसारा आहे. लांबी शेपटीसकट ५ ते ७ सेंमी. पाठीवर दोन गडद उभे पट्टे आणि डोळ्यांच्या पुढे काळसर त्रिकोण, त्यामुळे ओळख सोपी. दंश झोंबतो, पण धडधाकट प्रौढाला सहसा त्यापलीकडे काही होत नाही. थोडी जास्त कोरड, थोडी जास्त ओल, थंडी, सगळं तो निभावून नेतो.

फ्लोरिडा-जॉर्जियाकडे असाल तर त्याच प्रजातीतला हेंत्झी. आकाराने व्हिटॅटसएवढाच, ओल जरा जास्त लागते.

दिसायला सगळ्यात देखणा याच प्रजातीतला ग्रॅसिलिस. मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा, माणसांबरोबर फ्लोरिडात आणि कॅनरी बेटांवरही पोहोचलेला. गडद तपकिरी ते काळा, सडपातळ, १० सेंमीच्या पुढे जाणारा. नराची शेपूट तर विश्वास बसणार नाही इतकी लांब. पण तो पाऱ्यासारखा पळतो. झाकण उघडून ‘कुठे आहे बरं’ म्हणेपर्यंत तो मनगटाजवळ असतो. वेगाची सवय झाल्याशिवाय घेऊ नका.

बेबीक्युरस जॅक्सोनी पूर्व आफ्रिकेतला. विटकरी-तांबूस, गुटगुटीत शेपटीचा, ओल भरपूर मागणारा. ग्रॅसिलिसला जी टाकी, तीच त्याला चालते.

मेक्सिकोतल्या नायारितचा नॉक्सिअस, दुरांगोचा सफ्यूसस, गेरेरोचा लिंपिडस, कोलिमाचा टेकोमानस ही मंडळी घरात ठेवण्याची नव्हेत. मेक्सिकोत दरवर्षी अडीच लाखांच्या आसपास विंचूदंश नोंदले जातात, आणि त्यातले जिवावरचे बहुतेक यांच्याच भाईबंदांचे असतात.

आणि ॲरिझोना बार्क विंचू? आमच्या अंगणातच मिळतो.

फीनिक्स, चँडलर, टूसॉनकडच्या मराठी घरांतून हा प्रश्न हमखास येतो. पकडायला फुकट, दिसायला सुंदर, मधासारखा पिवळसर. तरी घरात सहा वर्षांखालचं मूल, ज्येष्ठ माणूस किंवा श्वासाचा-हृदयाचा रुग्ण असेल तर उत्तर सरळ ‘नको’ असं आहे. अमेरिकेतला वैद्यकीयदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचा विंचू हाच. ज्यांना पाळायचाच आहे त्यांनी आधी किमान दोन वर्षं दुसरा बार्क विंचू सांभाळलेला असावा, टाकीला कुलूप असावं आणि प्रतिविष ठेवणारं रुग्णालय किती मिनिटांवर आहे हे माहीत असावं.

अंगणातल्या विंचवाबद्दल आणखी एक: त्या भागात कीटकनाशकांची फवारणी सर्रास होते. फवारलेल्या घराजवळ पकडलेला विंचू दोन-चार दिवसांत थरथरत, पाय आखडून मरतो. लोक समजतात, आपल्याच देखभालीत चूक झाली.

टाकी केवढी आणि कशी लावायची?

उंची लांबीपेक्षा जास्त हवी. एका विंचवाला २० × २० × ३० सेंमी पुरते, पाच-सहांच्या गटाला ३० × ३० × ४५. झाकण वरून उघडणारं असावं. पुढून उघडणाऱ्या दारांच्या टाक्या या विंचवाला घेऊ नयेत, कारण दाराच्या फटीतली वरची कड हीच त्याची आवडती लटकण्याची जागा होते.

तळाला ३ ते ५ सेंमी माती. त्यावर मधोमध कॉर्कच्या सालीचे दोन-तीन सपाट तुकडे एकमेकांना टेकवून तिरके उभे करा. दोन तुकड्यांमध्ये साधारण १ सेंमीची फट राहू द्या. विंचू त्या फटीत शिरतो आणि वरच्या सालीला पोट लावून उलटा लटकतो. फट ३ सेंमी झाली तर तो तिथे बसत नाही, कोपऱ्यात येरझारा घालत राहतो आणि माणसाला वाटतं त्याला भूक लागली आहे. पाठीला आणि पोटाला दोन्हीकडून काहीतरी टेकलं पाहिजे, मगच तो स्वस्थ बसतो.

सालीचं वरचं टोक झाकणापासून किमान १० सेंमी खाली राहू द्या, आणि बाजूच्या काचांपासून अंगठ्याएवढं अंतर सोडा. कॉर्क मिळत नसेल तर कोरड्या टाकीत अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे उभा लावून चालतो. ओल्या टाकीत त्याला आठवड्याभरात बुरशी येते. बाहेरून उचलून आणलेली साल ओव्हनमध्ये १०० अंश सेल्सियसला तासभर ठेवून, गार करून मगच आत घाला.

हवेसाठी धातूची जाळी, भोकं १ मिमीपेक्षा लहान. प्लॅस्टिकची जाळी नाकतोडे कुरतडतात आणि पुढच्या कामाला विंचू येतो.

विंचू काचेवर चढत नाही म्हणतात. मग पळतो कसा?

स्वच्छ काचेवर खरंच चढत नाही. पण टाकीचे चार उभे कोपरे सिलिकॉनने जोडलेले असतात, आणि ती सिलिकॉनची रेघ म्हणजे त्याच्यासाठी शिडी. तो रात्री कोपऱ्यातून सरळ वर जातो आणि झाकणाच्या आतल्या बाजूला जाऊन बसतो. सकाळी तुम्ही झाकण उचलता तेव्हा बोटं नेमकी त्याच्याच अंगावर पडतात.

उपाय: सिलिकॉनच्या रेघेवर वरच्या १५ सेंमीत गुळगुळीत पारदर्शक चिकटपट्टी लावा, किंवा जोड नसलेला एकसंध ॲक्रिलिकचा डबा घ्या. दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. पाणी फवारून फवारून काचेवर क्षारांचे पांढरे डाग बसतात. आपल्याला ते नुसते मळकट वाटतात, विंचवाच्या नखांना मात्र तेवढा खडबडीतपणा पुरतो. महिन्यातून एकदा ओल्या फडक्यावर थोडं व्हिनेगर घेऊन काच पुसा. फवारायला शुद्ध केलेलं पाणी वापरलं तर डाग पडतच नाहीत.

आणि नियम हा, की झाकण उघडण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला पाहायचं. खालून बॅटरी मारून, रोज, विंचू सालीखाली दिसत असला तरी. गटात पाच असतील तर पाच मोजून.

माती आणि ओल कशी ठेवायची?

स्कल्प्चुरॅटस आणि व्हिटॅटसला निम्मी जाडी वाळू, निम्मी खत न घातलेली माती, कोरडी. आठवड्यातून एकदा रात्री एका कोपऱ्यात सालीवर चार-पाच फवारे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते सुकलं पाहिजे. वाळवंटी विंचवाला सतत दमट हवा दिली की सांध्यांवर काळे डाग येतात, ती बुरशी. एकदा पसरली की हाती काही राहत नाही.

ग्रॅसिलिस, हेंत्झी आणि जॅक्सोनीला नारळाच्या भुशाचा ४-५ सेंमी थर. अर्धी बाजू ओली, अर्धी कोरडी, हवेतली आर्द्रता ६० ते ७५ टक्के. भुसा मुठीत दाबला की गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. ओल्या बाजूला स्प्रिंगटेल नावाचे बारीक किडे सोडले तर ते बुरशी खाऊन टाकतात.

मुंबई-कोकणाच्या हवेची सवय असलेल्यांना एक चूक नडते. तिकडे दमटपणा फुकट मिळतो, पण अमेरिकेत हिवाळ्यात घरात हीटर चालू झाला की खोलीतली हवा पापडासारखी कोरडी होते. नोव्हेंबरपासून ओल्या टाकीला दुप्पट फवारे लागतात.

उष्णता?

उबदार बाजू २७ ते ३० अंश, थंड बाजू २३-२४, रात्री २० चालेल. गरम करायची मॅट टाकीच्या बाजूला लावायची, थर्मोस्टॅटसह. खाली लावली तर माती भाजते आणि सालीवर लटकलेल्याला ऊब पोहोचतच नाही. तापमान काचेच्या बाहेर मोजू नका. सेन्सर सालीच्या फटीत, विंचू जिथे बसतो तिथे हवा. दिव्याने गरम करू नका. हे निशाचर प्राणी आहेत, उजेड पडला की ते लपतात आणि खाणं टाकतात.

खायला काय आणि किती?

नाकतोडे, दुबिया झुरळं, अधूनमधून मीलवर्म, म्हणजे भुंग्याच्या अळ्या. भक्ष्य विंचवाच्या शेपूट सोडून उरलेल्या अंगाएवढं किंवा त्याहून लहान. मोठ्याला ७ ते १० दिवसांत एक, पिल्लांना आठवड्यात दोनदा. पोटाच्या कडेचा मऊ पडदा ताणून फुगलेला दिसला की पुढचं खाणं लांबवा. विंचू भुकेने फारसा मरत नाही. जास्त खाऊ घालून कात अडकवणं मात्र सोपं आहे.

दुबिया मातीत शिरून बसतात आणि हा विंचू खणत नाही, म्हणून दुबिया मऊ टोकाच्या लांब चिमट्याने सालीवरच सोडायचे. नाकतोडा २४ तासांत खाल्ला गेला नाही तर बाहेर काढा. कात टाकणाऱ्या विंचवाचं अंग लोण्यासारखं मऊ असतं, आणि भुकेला नाकतोडा त्याला कुरतडतो.

अंगणातले, बागेतले किडे देऊ नका. फवारणीचं मघाशी सांगितलंच.

पाणी?

बाटलीचं बूच, त्यात दोन-तीन खडे, म्हणजे पिल्लं बुडत नाहीत. तरी बार्क विंचू बुचापेक्षा सालीवरचे थेंब प्यायला जास्त येतात, म्हणून कोरड्या जातींनाही आठवड्याचा फवारा चुकवू नका. कडेचा पडदा आत ओढला गेला आणि पाठीचे कप्पे एकमेकांवर सरकल्यासारखे दिसले तर त्याला पाणी कमी पडतं आहे. लगेच सालीवर थेंब द्या. बहुतेक वेळा दिवसभरात फरक पडतो.

एकत्र ठेवता येतात का?

हो, आणि हीच त्यांची मौज. रानात थंडीच्या दिवसांत स्कल्प्चुरॅटस वीस-तीसच्या घोळक्याने एकाच सालीखाली सापडतात. पाळलेल्यांत एकाच जातीचे, सारख्या मापाचे, पोट भरलेले आणि प्रत्येकी दोन फटी असतील तर गट नांदतो. दोन जाती एकत्र कधीच नाहीत. कात टाकायला आलेला एखादा अधूनमधून खाल्ला जातो. हे चालवून घ्यायची तयारी नसेल तर वेगळे ठेवा.

नर-मादी कसं ओळखायचं?

मोठे झाल्यावर सोपं आहे. नराची शेपूट लांब आणि बारीक, मादीचं अंग रुंद आणि शेपूट आखूड. लहानपणी पोटाखालच्या कंगव्यासारख्या अवयवावरून अंदाज येतो. नराचे दात मोठे आणि जास्त असतात. त्यासाठी विंचवाला पारदर्शक डबीत घेऊन खालून फोटो काढायचा, हातात धरायचं नाही.

पिल्लं होतात का? झाली तर काय करायचं?

गटात नर-मादी असतील तर होतातच. पुष्कळदा जोडी न लावताही होतात, कारण रानातून पकडलेली मादी आधीच गाभण असते. ग्रॅसिलिसची मादी एका मीलनातलं शुक्र साठवून एकापाठोपाठ एक वेतं देते.

मुद्दाम जोडी लावायची असेल तर टाकीत एक सपाट, खडबडीत, आडवा तुकडा हवा. नर मादीचे चिमटे धरून तिला मागेपुढे चालवतो, जागा पसंत पडली की तिथे शुक्राणूंची काडी उभी चिकटवतो आणि मादीला तिच्यावर ओढतो. नुसती वाळू असेल तर काडी उभी राहत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते. रात्री मंद तांबड्या उजेडात हा प्रकार पाहता येतो.

गर्भारपण लांब, व्हिटॅटसमध्ये सुमारे आठ महिने. मादी फुगत जाते आणि शेवटी पोटाच्या कडेच्या पडद्यातून पांढुरके ठिपके दिसतात. तेव्हा तिला वेगळ्या टाकीत हलवा. नंतर हलवायला गेलं तर घाबरून ती पिल्लं खाते.

विंचू अंडी घालत नाहीत. पिल्लं जिवंत जन्मतात, सरासरी तीसेक, दुधी पांढरी, भाताच्या शितासारखी, आणि आईच्या पायांवरून चढून पाठीवर बसतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर ही म्हण ज्याने रचली त्याने हे नीट पाहिलं असणार. या दिवसांत ती काही खात नाहीत, पोटातल्या साठ्यावर जगतात. पहिली कात पाठीवरच पडते. मग रंग येतो, नांगीला टोक येतं आणि एकेक जण उतरायला लागतो. खाली पडलेलं पांढरं पिल्लू मऊ कुंचल्याने आईच्या पुढ्यात सरकवून ठेवा. ते चढलं तर चढलं.

दोन तृतीयांश उतरली की आईला बाहेर काढा. पिल्लांना टाचणीच्या डोक्याएवढे नाकतोडे, बिनपंखी फळमाश्या किंवा नाकतोड्याची ताजी तुटलेली तंगडी द्या. पहिल्या महिन्यात पिल्लं मरतात ती बहुधा कोरडेपणाने. वाळवंटी जातीच्या पिल्लांनाही या काळात एक कोपरा दमट लागतो. आणि तीस पिल्लांचं काय करणार, हे आठ महिने आधी ठरवा. पाळलेले विंचू रानात सोडायचे नाहीत, त्याच गावात पकडलेल्यांची पिल्लं असली तरी.

खाणं सोडलं आहे, सुस्त आहे. आजारी की कात?

अंग फुगलेलं, चकाकी गेलेली आणि आठवड्यापासून तो फटीत न हलता लटकलेला असेल तर कात. त्याला एकटं सोडा, थोडी ओल वाढवा, टाकी हलवू नका. बार्क विंचू कात टाकतो तीही लटकून. नखं खडबडीत सालीत अडकवतो आणि जुन्या कवचातून खाली घसरत बाहेर येतो. साल गुळगुळीत असेल किंवा हवा फार कोरडी असेल तर शेपटीचं टोक किंवा चिमटा अडकतो. अडकलेली कात ओढू नका. कोमट पाण्यात भिजवलेला कुंचला दर तासाला फिरवत राहा. कधी सुटते, कधी नाही. पूर्ण वाढलेला विंचू पुन्हा कात टाकत नाही, तेव्हा मोठा विंचू सुस्त असेल तर कारण दुसरीकडे शोधा: तापमान, पाणी, वय.

अंगावर बारीक पांढरे ठिपके हलताना दिसतात.

माइट, म्हणजे गोचिडीच्या गोतातले बारीक जीव. ओल्या टाकीत खाल्लेल्या किड्यांचे अवशेष पडून राहिले की येतात. विंचवाला कागदी टॉवेल घातलेल्या कोरड्या डब्यात दोन-तीन दिवस ठेवा, पाण्याचं बूच मात्र असू द्या. सगळी माती फेका, साल ओव्हनमध्ये तापवा. तोंडाच्या किंवा पोटाखालच्या श्वासछिद्रांच्या भोवती माइट दाटले असतील तर ओल्या कुंचल्याने उचला. कीटकनाशक घेऊ नका, विंचूही त्याने मरतो.

अतिनील बॅटरी कोणती घ्यावी?

३९५ नॅनोमीटरची स्वस्त बॅटरी मोजदाद करायला पुरते. ३६५ ची महाग, पण जांभळा उजेड न दिसता फक्त विंचू निळसर हिरवा पेटलेला दिसतो. हा रंग कवचातल्या रसायनांमुळे येतो. नुकतीच कात टाकलेला विंचू जवळजवळ चमकत नाही, कवच घट्ट होत जातं तशी चमक येते. टाकून दिलेली कातही चमकते. म्हणून मोजताना एक जास्त भरला तर घाबरू नका. एक मिनिटाहून जास्त उजेड मारत बसू नका, त्यांना तो टोचतो आणि ते पळतात.

हाताळायचा कसा?

हाताळायचा नाही. जागा बदलायची असेल तर ज्या सालीला तो चिकटला आहे ती साल दोन लांब चिमट्यांनी उचलून मोठ्या बादलीत ठेवा. ती तशीच बादलीत ठेवून टाकी साफ करा, म्हणजे निसटला तरी बादलीतच राहतो. मोकळ्या विंचवावर पारदर्शक पेला पालथा घाला आणि खालून जाड कार्ड सरकवा.

पाळणाऱ्यांना बसणारे दंश बहुतेक एकाच रीतीने बसतात. साल दोन बोटांनी धरून उचलतात. अंगठा वर, बोटं खाली. आणि खाली तर तो असतोच.

चावलाच तर?

साबण-पाण्याने धुवा, अंगठ्या-बांगड्या काढा, गार पट्टी दहा मिनिटं ठेवा, दहा मिनिटं काढा. आवळपट्टी बांधणं, चिरा देणं, चोखणं, मंत्राने विंचू उतरवणं यांत वेळ घालवू नका. अमेरिकेत विषबाधा मदतवाहिनी १-८००-२२२-१२२२ ला फोन करा. ती दिवसरात्र चालू असते.

ॲरिझोना बार्क विंचवाच्या दंशात सूज जवळजवळ येत नाही, त्यामुळे लोक फसतात. जागा नुसती बोटाने ठोकली तरी कळ मारते आणि मुंग्या वर चढत जातात. प्रौढांत बहुधा इथेच थांबतं, सुन्नपणा दोन-तीन दिवस रेंगाळतो. लहान मुलांत काही मिनिटांत ते काही तासांत पुढची लक्षणं दिसू शकतात: डोळे सैरभैर फिरणं, लाळ गळणं, जीभ थरथरणं, बोलणं जड होणं, हातपाय झटकणं, श्वास अडखळणं. यातलं एकही दिसलं की घरी थांबायचं नाही, ९११. मेक्सिकोत बनणाऱ्या ॲनास्कॉर्प या प्रतिविषाला अमेरिकेत ऑगस्ट २०११ मध्ये मान्यता मिळाली. ते वेळेत मिळालं तर मूल काही तासांत शांत होतं. भारतातलं विंचवाचं प्रतिविष लाल विंचवासाठी आहे, या विंचवासाठी नाही.

पाळलेल्या विंचवाचं पूर्ण शास्त्रीय नाव टाकीवर ठळक लिहून ठेवा. रुग्णालयात तेच पहिलं विचारतात.

एवढा खटाटोप करून त्यात पाहण्यासारखं काय?

रात्री दहानंतर टाकीसमोर बसा. उलटा लटकलेला विंचू दोन्ही चिमटे उघडे ठेवून सालीच्या कडेला येतो आणि तासन्‌तास थांबतो. वरून चालणाऱ्या नाकतोड्याची थरथर पायांवरच्या केसांना आणि खाचांना कळते. मग झडप, शेपूट पुढे, एकच टोचा, आणि पुन्हा खाली. बरेचदा भक्ष्य लहान असेल तर तो विष वापरतच नाही, नुसतं चिरडून खातो.

त्याच्या विषाची दुसरी बाजू ॲरिझोनातच दिसते. तिथला ग्रासहॉपर माऊस नावाचा उंदीर हा विंचू चावून खातो. २०१३ मध्ये कळलं की ज्या विषाने आपल्याला कळ येते, तेच या उंदराच्या नसांतली वेदना पोचवणारी एक वाट बंद करतं. विंचू जितका टोचेल तितकी त्याची वेदना कमी.

पोस्टाने मागवता येतो का? भारतात नेता येतो का?

अमेरिकेच्या टपालखात्याने जिवंत विंचू पाठवायला फक्त वैद्यकीय संशोधन किंवा प्रतिविष बनवण्यासाठी परवानगी आहे. हौसेची खरेदी खासगी कुरियरने, आणि तीही त्यांच्या नियमांत बसली तर. राष्ट्रीय उद्यानांतून विंचू उचलणं बेकायदा आहे. भाड्याच्या घरात असाल तर करार वाचा. परवान्याशिवाय भारतात नेऊ नका. सामानातून लपवून तर मुळीच नाही.

टाकीत एक कमी भरतो आहे.

आधी झाकणाची आतली बाजू, मग जाळीची चौकट, मग सालीचे तुकडे एकेक करून बादलीत. माती शेवटी, कारण तिथे तो असण्याची शक्यता सगळ्यात कमी. टाकीत नसेल तर मुलांना आणि पाळीव प्राण्यांना दुसऱ्या खोलीत पाठवा, दाराखाली टॉवेल कोंबा आणि अंधार पडायची वाट पाहा. बूट घालून, अतिनील बॅटरी घेऊन जमिनीपासून नाही, वरून सुरुवात करा: पडद्यांच्या घड्या, चित्रांच्या चौकटीची मागची बाजू, टेबलाचा खालचा पृष्ठभाग, खुर्चीच्या बैठकीची खालची बाजू, छताचा कोपरा. पलंगाचे पाय प्रत्येकी एका गुळगुळीत काचेच्या वाडग्यात ठेवा आणि चादर जमिनीला टेकू देऊ नका. पहिल्या रात्री नाही सापडला तर कोपऱ्यात भिंतीला तिरकी टेकवून ओलसर साल ठेवा. सकाळी ती उचलताना चिमटा वापरा.